सोळा वर्षे एकाच कारखान्यात काढल्यावर नोकरी कशी शोधावी?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपले वय ४१. सातारा औद्योगिक वसाहतीत वाहनांसाठी कास्टिंग (साच्यात धातू ओतून भाग बनवणे) आणि मशिनिंग करणाऱ्या एका कारखान्यात आपली १६ वर्षांहून अधिक सेवा झाली आहे आणि सध्या आपण गुणवत्ता विभागात उपव्यवस्थापक आहात. नोटीस पिरियड ९० दिवसांचा आहे. नोकरीच्या संकेतस्थळांवरून गुणवत्ता, उत्पादन, प्लांट हेड अशा सर्व प्रकारच्या जागांसाठी आपण अर्ज केले, पण बोलावणे जवळजवळ आलेच नाही. म्हणून आधी राजीनामा द्यावा आणि नोटीसच्या काळात नोकरी शोधावी, असा विचार आपल्या मनात आहे. पत्नी साताऱ्यातील अनुदानित शाळेत शिक्षिका, मुलगी नववीत, वडिलांना हृदयविकार आणि घराचे कर्ज चालू, ही बाजूही आपण लिहिली आहे. वय आणि नोटीस पिरियड हेच अडथळे आहेत का, आणि पुण्याला जाण्यावाचून गत्यंतर नाही का, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे.

मी आधी साताऱ्यात आणि नंतर कुपवाडमध्ये कारखान्यांच्या मनुष्यबळ विभागात काम केले असून आता याच पट्ट्यातील कंपन्यांना वरच्या जागांसाठी माणसे निवडण्यात मदत करतो. त्यामुळे पुढचे सर्व विवेचन निवड करणाऱ्यांच्या बाजूने केलेले आहे, आणि ते प्रामुख्याने उत्पादन क्षेत्राला लागू पडते. सॉफ्टवेअर किंवा बँकेतील माणसाने ते जसेच्या तसे घेऊ नये.

माझ्या मते आपली खरी अडचण वयाची नाही आणि नोटीसचीही नाही. एकाच कारखान्यात इतकी वर्षे काढलेल्या माणसाचे काम बाहेरच्यांना दिसत नाही, ही पहिली अडचण. आणि आपल्याला नेमकी कोणती नोकरी हवी आहे हे अजून ठरलेले नाही, ही दुसरी. गुणवत्ता, उत्पादन आणि प्लांट हेड या तिन्ही जागांसाठी एकच बायोडाटा पाठवला, की तो तिन्ही ठिकाणी दुसऱ्या क्रमांकावर राहतो, कारण प्रत्येक ठिकाणी नेमके तेच काम केलेला कोणी तरी उमेदवार असतोच. पंचविशीतल्या मुलाला कंपनी त्याच्याकडे पाहून घेते आणि काम शिकवते. चाळिशीतल्या माणसाला मात्र कंपनी स्वतःची एखादी अडचण सुटावी म्हणून घेते: ग्राहकाच्या तक्रारी वाढलेल्या असतात, नवा भाग मंजूर होत नसतो, ऑडिटमध्ये गंभीर त्रुटी निघालेल्या असतात किंवा जुना विभागप्रमुख निवृत्त होत असतो. आपला बायोडाटा वाचताना ही अडचण आपण सोडवाल असे वाटले, तर वय आड येत नाही.

राजीनाम्याचा प्रश्न आधी संपवतो. हातात लेखी नेमणूकपत्र नसताना राजीनामा देऊ नये, असेच मी आपल्या परिस्थितीत सांगेन. ‘लगेच रुजू होणारा हवा’ असे जाहिरातीत लिहिलेले असते हे खरे, पण ते बहुधा खालच्या आणि मधल्या जागांसाठी असते. विभागप्रमुखाच्या जागेसाठी दोन-तीन महिने थांबण्याची कंपन्यांची तयारी असते, कारण त्यांच्याकडील तशाच माणसांचा नोटीस पिरियडही तेवढाच असतो. शिरवळपासून कागलपर्यंतच्या पट्ट्यात आपल्या पातळीच्या जागा एका वेळी थोड्याच निघतात. नोटीसच्या ९० दिवसांत त्यांतली योग्य जागा निघेलच असे नाही, आणि मुदत संपत आली की माणूस समोर येईल ते स्वीकारतो. पगार महिनोन्महिने थकलेला असेल, प्रकृतीवर परिणाम होत असेल किंवा खोट्या कागदांवर सही करण्याचा दबाव असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा बाहेर पडणे हेच प्राधान्य ठरते. आपल्या लिहिण्यात तसे काही दिसत नाही. शोधाला सहा महिने ते वर्ष लागेल असे गृहीत धरावे.

नोटीसबाबत एक काम मात्र आजच करावे. आपले नेमणूकपत्र काढून त्यातील अट शब्दशः वाचावी. नोटीसऐवजी पगार भरून लवकर सुटण्याची मुभा आहे का, ती रक्कम मूळ पगारावर धरतात की एकूण पगारावर, आणि शिल्लक रजा त्यात वळती करता येते का, हे त्यात असते किंवा नसते. पुष्कळ जणांना स्वतःचीच अट ठाऊक नसते आणि ते मुलाखतीत अंदाजाने काहीतरी सांगून बसतात. संकेतस्थळावर नोटीस ९० दिवस अशीच भरावी. ती कमी दाखवली, तर सुरुवातीला फोन येतील, पण खरे कळल्यावर तोच माणूस पुढच्या वेळी आपले नाव वगळेल.

आता बायोडाटाकडे वळतो, कारण सर्वात जास्त फरक तिथे पडतो. आपल्या भागातून माझ्याकडे येणाऱ्या बायोडाटांत पहिले अर्धे पान ध्येयवाक्य, वडिलांचे नाव, जन्मतारीख आणि वैवाहिक स्थिती यांनी भरलेले असते आणि शेवटी ‘वरील माहिती सत्य आहे’ अशी प्रतिज्ञा असते. यातले काहीही निवडीच्या कामाचे नाही. पदनामावरही विसंबू नये. एका कंपनीतील उपव्यवस्थापक चाळीस माणसांचा विभाग चालवतो, तर दुसऱ्या कंपनीतील उपव्यवस्थापक एकटाच बसून अहवाल तयार करतो. म्हणून पदनामाखालच्या पहिल्या दोन ओळींत कारखान्याचे आणि आपल्या जबाबदारीचे माप द्यावे: ओतीव लोखंडाचा प्रकार ग्रे आयर्न की एसजी आयर्न, महिन्याला किती टन, कास्टिंगचे वजन किती किलोपासून किती किलोपर्यंत, मशिनिंग आतच होते की बाहेर, ग्राहक ट्रॅक्टरचे की ट्रकचे, निर्यात आहे का, आणि आपल्या हाताखाली किती निरीक्षक व अभियंते आहेत. कास्टिंगमधला माणूस एवढे वाचून लगेच ओळखतो, की हा आपल्या कामाचा आहे की नाही.

त्यानंतर कामे लिहावीत, पण कर्तव्यांची यादी म्हणून नव्हे. ‘ग्राहकांच्या तक्रारींचे निवारण केले’ हे वाक्य गुणवत्ता विभागातील प्रत्येकाच्या बायोडाटात असते. त्याऐवजी असे लिहिता येईल: ‘एका हाउसिंगमध्ये मशिनिंगनंतर ब्लोहोल (वायूमुळे राहिलेल्या पोकळ्या) उघडे पडत होते; वाळूतील ओलावा आणि ओतण्याचे तापमान यांचा संबंध तपासून गेटिंग (साच्यात धातू जाण्याचे मार्ग) बदलून घेतले; रिजेक्शन सहा महिन्यांत निम्म्यावर आले.’ अडचण काय होती, आपण काय तपासले, काय बदलले आणि आकडा कुठून कुठे गेला, एवढे दोन ओळींत बसते. अशी चार-पाच उदाहरणे पुरेत. ग्राहकाचे नाव, भागाचा क्रमांक आणि त्याचे गोपनीय आकडे मात्र देऊ नयेत. जो माणूस आजच्या कंपनीची गुपिते मुलाखतीत सांगतो, तो उद्या आमचीही सांगेल, असा विचार समोरचा करतोच.

बायोडाटा इंग्रजीत, दोन पानांचा असावा आणि त्यात आपल्या क्षेत्रातील नेहमीचे शब्द आलेच पाहिजेत: आयएटीएफ १६९४९ (वाहन उद्योगाचे गुणवत्ता मानक), पीपॅप (नव्या भागाची मंजुरी), एपीक्यूपी (गुणवत्तेचे पूर्वनियोजन), एमएसए (मोजमाप पद्धतीची तपासणी), एसपीसी (सांख्यिकी प्रक्रिया नियंत्रण), एट-डी (अडचण सोडवण्याची आठ टप्प्यांची पद्धत), अंतर्गत ऑडिटर, लेआउट तपासणी, सीएमएम (त्रिमितीय मोजमाप यंत्र). निवड करणारी मुले संकेतस्थळावर हेच शब्द टाकून शोधतात. शब्द नसेल तर अनुभव असूनही नाव यादीत येत नाही. शक्य तिथे संक्षेप आणि पूर्ण रूप दोन्ही द्यावे. मात्र अंतर्गत ऑडिटरचे प्रशिक्षण २०१६ पूर्वीच्या, म्हणजे आयएसओ/टीएस १६९४९ या जुन्या मानकाचे असेल, तर नव्या मानकाचे प्रशिक्षण आधी घ्यावे. मुलाखतीत हे पहिल्या दहा मिनिटांत उघड होते. संकेतस्थळावरील माहिती दर एक-दोन आठवड्यांनी थोडी तरी अद्ययावत करावी, कारण शोधणारे बहुधा अलीकडे सक्रिय असलेल्यांपुरतीच यादी मागवतात.

असे असले तरी, आपल्या पातळीवरच्या नोकऱ्या या पट्ट्यात बहुतांशी ओळखीतून भरल्या जातात, असाच माझा अनुभव आहे. याला वशिला समजू नये. ज्याने आपले काम पाहिले आहे अशा माणसाचा शब्द मालकाला बायोडाटापेक्षा विश्वासाचा वाटतो, एवढाच त्याचा अर्थ. आपल्याला वाटते त्याहून अधिक लोकांनी आपले काम पाहिलेले असते: ग्राहकाकडून येणारे पुरवठादार-गुणवत्ता अभियंते, टूलिंग आणि गेज पुरवणारे विक्रेते, कॅलिब्रेशन प्रयोगशाळेचे लोक, मशिन कंपन्यांचे सर्व्हिस इंजिनिअर, आणि आपल्याकडून सोडून गेलेले जुने सहकारी. विक्रेते आणि सर्व्हिस इंजिनिअर आठवडाभर शिरवळ, सातारा, तासवडे, इस्लामपूर, कुपवाड, शिरोली असे फिरत असतात, आणि कोणत्या कारखान्यात कोण सोडून चालले आहे हे त्यांना जाहिरात येण्याच्या कितीतरी आधी कळते. त्यांना फोन करताना ‘काही असेल तर बघा’ एवढेच म्हणू नये, कारण त्यावर ऐकणारा काहीच करू शकत नाही. ‘पाच ते पन्नास किलोच्या एसजी कास्टिंगचे काम करणाऱ्या कंपनीत गुणवत्ता विभागप्रमुखाची जागा मी पाहतो आहे, सांगली-कोल्हापूरकडची चालेल, आपल्या माहितीत तशी कोणती कंपनी आहे?’ असे विचारले, तर त्याच्या डोळ्यांसमोर दोन-तीन नावे येतात.

गुप्ततेची काळजी इथे खरोखरच घ्यावी लागते. एका गेटवरची बातमी पाळी सुटण्याआधी दुसऱ्या गेटवर पोहोचते, हे साताऱ्यात कोणाला सांगायला नको. म्हणून सुरुवात सध्याच्या कंपनीशी आता व्यवहार नसलेल्या लोकांपासून करावी, कंपनीचा ईमेल आणि लॅपटॉप या कामासाठी वापरू नये, आणि संकेतस्थळावर सध्याच्या कंपनीला आपली माहिती दिसणार नाही अशी सोय असल्यास ती चालू करावी.

रिक्रूटमेंट कन्सल्टंटबद्दल दोनच गोष्टी सांगतो. त्यांची फी कंपनी देते, ती अनेकदा वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे सुमारे एका महिन्याच्या पगाराएवढी असते. त्यामुळे उमेदवाराकडे नोंदणी, पडताळणी किंवा परत मिळणारी अनामत अशा नावाने पैसे मागणाऱ्यापासून दूर राहावे. दुसरे असे, की एकाच कंपनीकडे दोन कन्सल्टंटांमार्फत आपला बायोडाटा जाऊ देऊ नये. फी कोणाची यावरून त्यांचा वाद होतो, आणि तो टाळण्यासाठी कंपनी उमेदवारालाच बाजूला ठेवते. बायोडाटा पाठवण्याआधी कंपनीचे नाव सांगा, असा आग्रह आपण धरू शकता.

पुण्याचा प्रश्न मला आपल्या पत्रातला सर्वात महत्त्वाचा वाटतो, कारण त्यामागे एक गृहीतक आहे: पुढे जायचे तर पुण्यालाच. कास्टिंगच्या गुणवत्तेपुरते ते पूर्ण खरे नाही. फाउंड्र्यांचा, म्हणजे कास्टिंग करणाऱ्या कारखान्यांचा, मोठा समूह कोल्हापूरच्या बाजूला, म्हणजे शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल येथे आहे. सांगलीकडेही हा धंदा आहे आणि या भागातली कारखानदारी चाकणपेक्षा कितीतरी जुनी आहे. किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० सालचा. म्हणजे आपला अनुभव ज्याला जसाच्या तसा उपयोगी आहे तो मालक दक्षिणेकडे भेटण्याची शक्यता अधिक. तिथे पगार पुण्याच्या तुलनेत कमी असू शकतो आणि कंपनी बहुधा एका कुटुंबाच्या मालकीची असते. अशा ठिकाणी मुलाखतीत तीन गोष्टी आवर्जून विचाराव्यात: आधीचा गुणवत्ताप्रमुख का गेला, गुणवत्ता विभाग कोणाला जबाबदार आहे, आणि सदोष माल थांबवण्याचा अंतिम अधिकार कोणाचा. विभाग उत्पादनप्रमुखाच्या हाताखाली असेल, तर महिनाअखेरीला काय होते हे आपल्याला मी सांगण्याची गरज नाही.

आणखी एक वाट आहे, जिच्याकडे कारखान्यातले लोक सहसा वळत नाहीत. पुण्यातील वाहन आणि इंजिन कंपन्या कास्टिंग या पट्ट्यातून विकत घेतात, आणि त्यांना पुरवठादारांकडे जाऊन गुणवत्ता पाहणारी माणसे लागतात. फाउंड्रीच्या आतून आलेला माणूस या कामाला फार उपयोगी पडतो, कारण पुरवठादार कुठे काय लपवतो हे त्याला ठाऊक असते. अशा जागेचे कार्यालय पुण्यात असले तरी फिरणे सातारा-कोल्हापूर भागात असते, आणि काही कंपन्या माणसाला याच भागात राहू देतात. हाताखाली माणसे नसतात आणि प्रवास खूप असतो. हे आपल्याला मानवेल का, हे आपणच ठरवू शकता.

पुणे निवडलेच, तर सातारा ते पुणे हे सुमारे ११० किलोमीटरचे अंतर आणि खंबाटकी घाट रोज करणे मी कोणालाही सुचवत नाही. शिरवळ आणि केसुर्डी येथील कारखाने हा मधला पर्याय आहे. साताऱ्याहून ते साधारण निम्म्या वाटेवर येतात आणि रोजचे जाणे-येणे जमू शकते, विशेषतः कंपनीची बस असेल तर. मुलगी नववीत आहे, म्हणजे पुढचे वर्ष दहावीचे. पत्नीची अनुदानित शाळेतील नोकरी दुसऱ्या गावी हलवणेही सोपे नाही. हे दोन्ही लक्षात घेता, निदान दहावीची परीक्षा होईपर्यंत घर साताऱ्यात राहील असे धरूनच नोकरीची जागा ठरवावी, असे मला वाटते. ठरवण्याचे काम अर्ज करण्याआधी, घरात बसून करावे. नेमणूकपत्र हातात आल्यावर घरचे नाही म्हणतात आणि माणूस शब्द फिरवतो, असे अनेकदा घडते आणि त्या कंपनीचे दार मग कायमचे बंद होते.

मुलाखतीत ‘सोळा वर्षे एकाच ठिकाणी का?’ हा प्रश्न येणारच. तो टोमणा समजू नये. विचारणाऱ्याला भीती असते, की हा माणूस एकाच साहेबाच्या पद्धतीत घट्ट बसला असेल. त्यावर निष्ठेचे गोडवे गाण्याऐवजी त्या सोळा वर्षांत आपली कामे कशी बदलत गेली ते सांगावे: आधी लाइनवरची तपासणी, मग नव्या भागांची मंजुरी, मग ग्राहक आणि ऑडिट. शिवाय आपल्याकडील चांगली माणसे सगळे श्रेय टीमला देऊन मोकळी होतात. ते सभ्य आहे, पण ऐकणाऱ्याला आपला वाटा कळत नाही. निर्णय कोणता माझा होता, हे एका वाक्यात सांगण्यात उद्धटपणा नाही. सध्याच्या वरिष्ठांबद्दल वाईट बोलू नये, हे वेगळे सांगायला नको.

पगाराची तुलना सीटीसीवर, म्हणजे कंपनी आपल्यावर वर्षाला करत असलेल्या एकूण खर्चाच्या आकड्यावर, करू नये. समजा, १५ लाखांचा प्रस्ताव आला आणि त्यात मूळ पगार महिना ५०,००० आहे. कंपनीचा भविष्य निर्वाह निधीचा हिस्सा १२ टक्क्यांनी वर्षाला ७२,०००, ग्रॅच्युइटीपोटी ४.८१ टक्क्यांनी २८,८६०, कामगिरीवर अवलंबून असलेला भाग १,५०,००० आणि विम्याचा हप्ता १५,००० असे दाखवले असेल, तर २,६५,८६० रुपये महिन्याच्या पगारात येणारच नाहीत. उरलेल्याचे महिना सुमारे १,०२,८०० होतात. त्यातून आपला भविष्य निर्वाह निधीचा हिस्सा ६,००० आणि व्यवसाय कराचा २०० वजा जाता, प्राप्तिकराआधी हातात सुमारे ९६,६०० राहतात. कामगिरीचा भाग गेल्या दोन वर्षांत प्रत्यक्षात किती टक्के दिला, हे विचारण्यात संकोच बाळगू नये. घराचा हप्ता हातात येणाऱ्या रकमेतून जातो.

निघण्याची तारीखही हिशेब करून ठरवावी. ग्रॅच्युइटी दर वर्षाला १५ दिवसांच्या वेतनाने, महिना २६ दिवसांचा धरून मिळते, आणि शेवटच्या वर्षाचे सहा महिन्यांहून अधिक दिवस पूर्ण वर्ष धरले जातात. वेतन ४२,००० धरले, तर १६ वर्षे ५ महिन्यांना सुमारे ३,८७,७०० आणि १६ वर्षे ७ महिन्यांना सुमारे ४,११,९०० मिळतील. दोन महिन्यांसाठी चांगली जागा सोडावी असे मी म्हणत नाही, पण नोटीसचे दिवस मोजताना हे ध्यानात असावे. भविष्य निर्वाह निधी काढून न घेता त्याच यूएएनखाली (निधी खात्याच्या कायम क्रमांकाखाली) नव्या कंपनीकडे हस्तांतरित करावा. नव्या कंपनीला चालू आर्थिक वर्षातील आधीचे उत्पन्न आणि कापलेला कर लेखी कळवावा. नाहीतर दोन्हीकडे करसवलत स्वतंत्रपणे धरली जाते आणि वर्षअखेर मोठी रक्कम एकदम भरावी लागते.

राजीनामा दिल्यावर आपली कंपनी पगार वाढवून थांबवू पाहील, कारण सोळा वर्षांचा माणूस एकदम जाणे तिला परवडत नाही. थांबावे की नाही हे जाण्याच्या कारणावर अवलंबून आहे. कारण केवळ पगार असेल आणि वाढ लेखी मिळत असेल, तर विचार करायला हरकत नाही. वर जायला जागाच नाही हे कारण असेल, तर पगार वाढल्याने ते मिटत नाही. आपल्या पत्रावरून मला दुसरे कारण वाटते.

आणि वडिलांच्या विम्याचे काम राजीनाम्याच्या आधी करावे. त्यांचे संरक्षण कंपनीच्या समूह विम्यातून असेल, तर सामान्यतः ते आपल्या सेवेबरोबर संपते. नवी कंपनी आई-वडिलांना समूह विम्यात घेते का, घेत असल्यास हृदयविकार पहिल्या दिवसापासून धरते का, हे नेमणूकपत्र स्वीकारण्यापूर्वी लेखी विचारावे. घेत नसल्यास सध्याच्या विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज समूह विमा चालू असतानाच करावा, कारण तो संपल्यावर हृदयविकार असलेल्या ज्येष्ठाला नवी पॉलिसी मिळवणे अवघड जाते, आणि मिळाली तरी आधीपासूनच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते.